कामाच्या हक्काचा देणेकरी कोण?

मागील अंकात ‘कामाचा हक्क आणि कायदा’ या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही केले होते. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. प्रश्नकर्त्यांची नावे छापलेली नाहीत, कारण बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती.

प्रश्न : अमेरिकेतील २६ राज्यांमध्ये ‘राइट टू वर्क’ कायदा लागू असल्याचे माझ्या मुलाने वाचले. भांडवलशाहीचा पुरस्कार करणाऱ्या देशात जर नागरिकांना कामाचा हक्क कायद्याने मिळत असेल, तर आपल्याकडे असा कायदा का होत नाही?

उत्तर : आपल्या मुलाने वाचलेली माहिती बरोबर आहे, पण कायद्याच्या नावाने त्याची दिशाभूल केली आहे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. त्या २६ राज्यांतील कायद्यांमुळे कोणालाही काम मिळत नाही, आणि हातात असलेले काम टिकेल अशी हमीही मिळत नाही. त्यांचा विषय आहे कामगार संघटनेची वर्गणी.

अमेरिकेच्या खासगी उद्योगात एखाद्या ठिकाणच्या बहुसंख्य कामगारांनी एखादी युनियन निवडली, की ती युनियन तेथील सर्वच कामगारांच्या वतीने मालकाशी वाटाघाटी करते आणि झालेला पगारकरार सभासद नसलेल्यांनाही लागू होतो. मग अशा कामगाराने युनियनच्या खर्चाचा वाटा उचलावा की नाही, हा वादाचा मुद्दा. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने केवळ युनियनच्या सभासदांनाच कामावर घेण्याची जुनी पद्धत बंद केली. मात्र कामावर लागल्यानंतर वर्गणी भरलीच पाहिजे, असे कलम करारात घालण्यास मोकळीक ठेवली. त्याच कायद्याच्या कलम १४(ब) ने असे कलमही बेकायदा ठरवण्याची मुभा राज्यांना दिली. ज्या राज्यांनी ही मुभा वापरली, त्यांच्या कायद्यांना ‘राइट टू वर्क’ म्हणतात. फ्लोरिडा आणि आर्कान्सा या राज्यांनी तर १९४४ सालीच आपापल्या संविधानात तशी दुरुस्ती केली होती. उलट मिशिगनने आपला असा कायदा रद्द केला असून ती तरतूद फेब्रुवारी २०२४ पासून अमलात आली. सरकारी कर्मचाऱ्यांपुरता प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या जॅनस खटल्यात देशभरासाठी निकाली काढला : त्यांच्याकडून सक्तीने वर्गणी घेता येत नाही.

नोकरी टिकवण्यासाठी कोणत्याही संस्थेला पैसे देण्याची सक्ती नसावी, असे या कायद्यांचे समर्थक म्हणतात. वर्गणी न देणाऱ्याची बाजू मांडण्याचे कायदेशीर बंधन युनियनवर कायम असताना त्याला फुकट लाभ का मिळावा, असे विरोधक विचारतात. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे आणि त्यांतील निवड हा ज्याच्या त्याच्या राजकीय मताचा भाग आहे. मात्र ज्याने या कायद्याला हे नाव दिले, त्याच्या चातुर्याला दाद दिलीच पाहिजे. कारण याच राज्यांत, आणि अमेरिकेत जवळजवळ सर्वत्र, मालक कामगाराला कोणतेही कारण न देता कामावरून काढू शकतो. त्याला ठळक अपवाद एकाच राज्याचा, मोंटानाचा. तेथे १९८७ च्या कायद्यानुसार परीक्षाकाळ संपल्यानंतर काढण्यासाठी सयुक्तिक कारण असावे लागते, आणि गंमत अशी, की मोंटाना त्या २६ राज्यांत मोडत नाही.

प्रश्न : सरकारने प्रत्येकाला काम द्यावे, ही कल्पना मुळात कोणाची? ती कोठे अमलात आली होती का?

उत्तर : कल्पना अनेकांनी मांडली, परंतु सरकारने तसे लेखी वचन देण्याचा गाजलेला पहिला प्रसंग फ्रान्समधला आहे. फेब्रुवारी १८४८ मध्ये राजेशाही कोसळल्यानंतर कामगारांच्या रेट्याखाली आलेल्या हंगामी सरकारने २५ फेब्रुवारीला सर्व नागरिकांना काम देण्याची हमी जाहीर केली आणि पॅरिसमध्ये ‘राष्ट्रीय कार्यशाळा’ उघडल्या. लुई ब्लां या समाजवादी विचारवंताला अभिप्रेत होत्या कामगारांनी स्वतः चालवलेल्या उत्पादक संस्था. प्रत्यक्षात निघाली माती उकरण्याची आणि ती सपाट करण्याची कामे. काही महिन्यांतच नोंदणी एक लाखाच्या वर गेली. तेवढ्यांना पुरेल इतके काम नव्हते आणि पैसाही नव्हता. जूनमध्ये कार्यशाळा बंद करण्याचा निर्णय होताच पॅरिसमध्ये उठाव झाला, तो सैन्याने चार दिवसांत चिरडला आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्या नव्या संविधानातून ‘कामाचा हक्क’ हे शब्द गळाले.

पुढे सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या संविधानाने हा हक्क अनुच्छेद ११८ मध्ये लिहिला, पण काम हे कर्तव्य असल्याचेही त्याच संविधानाने बजावले. त्या कर्तव्याचे पुढे काय झाले, हे १९६४ साली ‘परोपजीवी’ ठरवून सक्तमजुरीसाठी दूर उत्तरेला पाठवलेल्या कवी जोसेफ ब्रॉडस्की यांच्या खटल्यावरून कळते. तेव्हा कामाच्या हक्काविषयी बोलताना काम न निवडण्याचे, किंवा हवे ते निवडण्याचे स्वातंत्र्य सोडून चालत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील अनुच्छेद २३ म्हणूनच कामाचा हक्क आणि कामाची मुक्त निवड ही दोन्ही एकाच वाक्यात सांगतो.

प्रश्न : भारतीय संविधानात कामाचा हक्क आहे असे काही जण सांगतात, तर तो मूलभूत हक्क नाही असे काही जण म्हणतात. बेरोजगार तरुण या हक्कासाठी न्यायालयात जाऊ शकतो का?

उत्तर : दोघांचेही म्हणणे खरे आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये ‘कामाचा हक्क’ हे शब्द स्पष्टपणे आलेले आहेत. राज्याने आपली आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत तो उपलब्ध करून देण्यासाठी परिणामकारक तरतूद करावी, असे तो सांगतो. परंतु हा अनुच्छेद निदेशक तत्त्वांच्या चौथ्या भागात आहे, आणि ती तत्त्वे देशाच्या शासनव्यवहारात मूलभूत असली तरी कोणत्याही न्यायालयामार्फत बजावता येणार नाहीत, असे अनुच्छेद ३७ ने आधीच सांगून ठेवले आहे. त्यामुळे ‘मी पदवीधर आहे, मला काम द्या’ अशी याचिका केवळ अनुच्छेद ४१ च्या बळावर टिकत नाही.

या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा निर्णय १९८५ चा, ओल्गा टेलिस खटल्यातला. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना १९८१ साली हटवण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी असा युक्तिवाद केला की पदपथावरून हटवणे म्हणजे कामाच्या ठिकाणापासून तोडणे, आणि उपजीविका तोडणे म्हणजे जगण्याचा हक्क काढून घेणे. अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क सामावलेला आहे, हे पाच न्यायाधीशांच्या पीठाने मान्य केले. निकालाचे हे अर्धे वाक्य सर्वत्र उद्धृत होते. उरलेले अर्धे फारसे कोणी सांगत नाही : नागरिकांना पुरेशी उपजीविका अथवा काम प्रत्यक्ष पुरवण्याची सक्ती राज्यावर कदाचित करता येणार नाही, मात्र न्याय्य आणि रास्त कार्यपद्धतीवाचून कोणाची असलेली उपजीविका हिरावली गेली, तर तो दाद मागू शकतो. शेवटी त्या पदपथवासीयांना हटवण्याची महापालिकेची सत्ता न्यायालयाने उचलून धरली. फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबण्यास सांगितले.

याचा अर्थ असा, की आपल्या न्यायालयांनी असलेले काम मनमानीने हिरावले जाण्यापासून संरक्षण दिले, नसलेले काम मिळवून दिले नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवरही स्थिती वेगळी नाही. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या करारनाम्यात, ज्यात भारत १९७९ साली सहभागी झाला, कामाचा हक्क अनुच्छेद ६ मध्ये आहे; पण तो उपलब्ध साधनसंपत्तीनुसार टप्प्याटप्प्याने साध्य करायचा आहे. माझ्या मते कोणताही हक्क हा सावकारी भाषेत सांगायचे तर येणे असतो, आणि येणे वसूल व्हायचे तर देणेकरी कोण, मुदत कोणती आणि मुदत चुकल्यास काय, हे कागदावर असावे लागते. अनुच्छेद ४१ मध्ये देणेकऱ्याचे नाव आहे, बाकीचे दोन रकाने मात्र कोरे आहेत.

प्रश्न : माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ‘व्यवसाय कर’ म्हणून कापले जातात. हे पैसे रोजगार हमीसाठी असतात असे एका सहकाऱ्याने सांगितले. हे खरे आहे काय?

उत्तर : या कराचा जन्म त्यासाठीच झाला, हे खरे आहे. वर उल्लेखिलेले दोन कोरे रकाने जगात ज्या मोजक्या कायद्यांनी भरले, त्यांत महाराष्ट्राचा कायदा अग्रभागी आहे, म्हणून या प्रश्नाला थोडे विस्ताराने उत्तर देतो.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात काही गावांपुरता एक प्रयोग झाला : जो अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला ते द्यायचे. १९७२ मध्ये ही योजना राज्यभर न्यायची असे ठरले आणि त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. त्या दुष्काळात खडी फोडण्यापासून पाझर तलावांपर्यंत जी कामे सरकारने काढली, त्यांवर मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे राबत होती. एवढ्या मोठ्या संख्येला काम देणे प्रशासनाला शक्य असते, हे त्या काळाने दाखवून दिले. परंतु ती दुष्काळी कामे होती, म्हणजे सरकारने मनावर घेतले तर निघणारी आणि सरकारने ठरवले की बंद होणारी. पुढच्या पायरीचे मोठेपण इथेच आहे. १९७७ साली विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आता ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने काम मागितल्यावर १५ दिवसांत ते देणे हे सरकारचे कायदेशीर बंधन झाले, आणि न दिल्यास बेकारी भत्ता देणे आले. भत्ता होता दिवसाला किमान एक रुपया. रक्कम हास्यास्पद होती, पण नकाराला दंड आहे हे तत्त्व त्या एका रुपयाने कायद्यात आणले. शिवाय वर्षाला अमुकच दिवस, अशी मर्यादा या हमीला नव्हती.

पैसा कोठून आणायचा, याचे उत्तर १९७५ च्या व्यवसाय कर कायद्याने दिले. शहरातील नोकरदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांच्याकडून हा कर घ्यायचा, त्याच्या वसुलीएवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची आणि त्यातून रोजगार हमीचा निधी उभा करायचा, अशी ती रचना होती. आपल्या कपातीची वर्षाची बेरीज २,५०० रुपये होते, ती योगायोगाने नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने या कराला घातलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे, आणि फेब्रुवारीचे जादा शंभर रुपये ती बेरीज जुळवण्यासाठी असतात. पगारपत्रक पाहून दर फेब्रुवारीत कपाळाला आठ्या घालणाऱ्या वाचकांना हे ठाऊक असावे, म्हणून मुद्दाम लिहिले.

या योजनेत गैरव्यवहार झाले, खोटी हजेरीपत्रके निघाली, मजुरी थकली, अर्धवट रस्ते पावसात वाहून गेले. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मस्टरवर नाव असलेली बाई मजुरी का थकली म्हणून तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ शकली, ती हातात कायदा होता म्हणून. दुष्काळी कामावरच्या मजुराला विनंतीच करावी लागत असे.

प्रश्न : कायदा काहीही म्हणो, काम नाही मिळाले तर बेकारी भत्ता मिळाल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. मग या हमीला अर्थ काय?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि तिचे कारण कायद्याच्या उणिवेपेक्षा एका साध्या कागदात आहे. २००५ साली संसदेने केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला आर्थिक वर्षात १०० दिवसांच्या अकुशल कामाची हमी दिली. १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा भत्ता द्यायचा होता. त्यातली मेख अशी, की अकुशल मजुरीचा खर्च केंद्राचा आणि भत्त्याचा राज्याचा. म्हणजे काम देणे राज्याला जवळजवळ फुकट आणि न देणे खर्चाचे. कायदा लिहिणाऱ्यांनी हा हिशेब विचारपूर्वक बसवला होता.

परंतु १५ दिवस मोजायचे कधीपासून? मागणीची तारीख नोंदली गेली तर त्या तारखेपासून. म्हणून अनेक ठिकाणी अर्ज तोंडी घेतले जातात, किंवा काम निघाल्यावर मागाहून भरले जातात, आणि मग कागदोपत्री कोणालाच उशीर झालेला नसतो! काम मागताना लेखी अर्ज देऊन त्याची दिनांक घातलेली पोच मागून घ्यावी. ग्रामरोजगार सेवक ती देत नसेल, तर अर्ज ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे द्यावा. शक्य असल्यास पाच-दहा जणांनी मिळून जावे. एकट्याला ‘उद्या या’ म्हणणे सोपे असते. पोच नसेल तर भत्त्याचा दावा उभाच राहत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १२५ केले असून बहुतेक राज्यांना मजुरीसह एकूण खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार आहे. वाढलेल्या २५ दिवसांची चर्चा बरीच झाली. मला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण काम देणे राज्याला आता फुकट राहणार नाही आणि वर सांगितलेला हिशेब त्यामुळे बदलतो.

प्रश्न : सहा वर्षे एका कंपनीत काम केल्यावर मला एका दिवसात घरी पाठवले आणि राजीनाम्यावर सही करण्याचा आग्रह धरला आहे. कामाच्या हक्काचा कायदा माझ्या मदतीला येईल का?

उत्तर : त्या नावाचा नाही, पण कामगार कायदा येईल. सर्वप्रथम सांगायचे ते हे, की राजीनामा लिहून देऊ नका. स्वेच्छेने सोडलेल्या नोकरीला कपातीचे संरक्षण मिळत नाही, आणि दबावाखाली सही केली हे नंतर सिद्ध करणे फार कठीण जाते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारानुसार कामगाराची क्षमता, त्याचे वर्तन किंवा आस्थापनेची गरज यांच्याशी संबंधित वैध कारणाशिवाय कोणाला काढता येत नाही. भारताने तो करार स्वीकारलेला नाही, तरी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात असलेले आणि पुढे औद्योगिक संबंध संहितेतही घेतलेले किमान संरक्षण असे : एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची सकारण नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. गैरवर्तनाचा आरोप असेल, तर आरोपपत्र आणि चौकशी व्हायला हवी.

अडचण अशी, की हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येतील ‘कामगारा’ला आहे; व्यवस्थापकीय अधिकार असणाऱ्याला नाही. मालक याच फटीचा उपयोग करतात आणि सामान्य कारकुनाला ‘मॅनेजर’ असे पद देतात. न्यायालये पदनाम पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम काय होते ते पाहतात. तेव्हा नेमणूकपत्र, पगारपत्रके, हजेरीच्या नोंदी, कामाविषयीचे ईमेल यांच्या प्रती आताच सुरक्षित ठेवा, ‘मी राजीनामा दिलेला नाही व कामावर येण्यास तयार आहे’ असे पत्र कंपनीला पोच घेऊन पाठवा, आणि विलंब न करता कामगार आयुक्त कार्यालयातील समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा. आपल्याकडील कागद पाहिल्याशिवाय याहून अधिक सांगणे योग्य होणार नाही.

प्रश्न : स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी त्यांना काही कामांची बंदी करणारे नियम कामाच्या हक्काविरुद्ध नाहीत का?

उत्तर : बहुतेक वेळा असतात. स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९१९ साली झाला तेव्हा त्यामागे प्रामाणिक हेतू होता, पण त्याचा परिणाम असा झाला, की संरक्षण मिळाले आणि नोकरी गेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली अनुज गर्ग खटल्यात पंजाब अबकारी कायद्याचे १९१४ मधील एक कलम घटनाबाह्य ठरवले. मद्य पुरवले जाते अशा जागी स्त्रियांना नोकरीस ठेवण्यास त्या कलमाची मनाई होती आणि ते दिल्लीतही लागू होते. स्त्रीचे स्वातंत्र्य आखडण्याऐवजी कामाची जागा सुरक्षित करणे हे राज्याचे काम आहे, असा त्या निकालाचा रोख आहे. कामाचा हक्क येथे अनुच्छेद १९(१)(छ) मधील व्यवसायस्वातंत्र्याच्या आणि समानतेच्या वाटेने आला. ही वाट न्यायालयातून जाते, आणि म्हणून अनुच्छेद ४१ हून अधिक पक्की आहे.

प्रश्न : ब्रिटनमध्ये नोकरीसाठी गेलेल्या माझ्या भाच्याकडे कंपनीने ‘राइट टू वर्क’चा पुरावा मागितला आहे. तो कोठून आणायचा?

उत्तर : हा या शब्दांचा तिसराच अर्थ. तेथे त्याचा संबंध केवळ देशात काम करण्याच्या परवानगीशी आहे. परवानगी नसलेल्या परदेशी व्यक्तीला कामावर ठेवल्यास मालकाला जबर दंड होतो, म्हणून रुजू होण्यापूर्वीच ही तपासणी केली जाते. परवाना ऑनलाइन स्वरूपातला असल्यास भाच्याने ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यातून ‘शेअर कोड’ काढून जन्मतारखेसह कंपनीला द्यावा.